पत कोणाची आणि पुरावा कोणी द्यायचा?

‘पत’ हा शब्द मराठी माणसाच्या व्यवहारात आणि मनात सारखाच खोल रुजलेला आहे. पतपेढी, पतसंस्था, बाजारातली पत हे शब्द केवळ पैशाचे नाहीत. त्यांत अब्रूचा अंश मिसळलेला आहे. पूर्वी ही पत ओळखीच्या माणसांच्या मुखी असे. आज ती तीनशे ते नऊशे यांमधील एका आकड्यात बंदिस्त झाली आहे. कर्जदाराने कधी न पाहिलेल्या माणसांनी, त्याला न विचारता पाठविलेल्या नोंदींवरून हा आकडा ठरतो. तो चुकीचा ठरला तर काय, हा प्रश्न गृहकर्ज काढणाऱ्या शिक्षकाचा, सहकाऱ्याला जामीन राहिलेल्या कारकुनाचा आणि शैक्षणिक कर्ज मागणाऱ्या विद्यार्थ्याचा आहे.

ही व्यवस्था मुळात अनाठायी आहे असे कोणीही म्हणणार नाही. बँका जो पैसा कर्जाऊ देतात तो ठेवीदारांचा असतो आणि एका बँकेला बुडविणाऱ्याने दुसऱ्या बँकेच्या दारात निष्पाप चेहऱ्याने उभे राहावे, हे कोणाच्याच हिताचे नाही. याच हेतूने २००० साली ‘सिबिल’ची स्थापना झाली. पतमाहिती कंपन्यांचे नियमन करणारा कायदा २००५ साली संमत होऊन डिसेंबर २००६ मध्ये अमलात आला. आज अशा चार कंपन्या रिझर्व्ह बँकेच्या परवान्याने काम करतात. कर्ज देणाऱ्या संस्थांनी आपल्या कर्जदारांची माहिती त्यांना पुरवावी आणि नव्या कर्जाच्या वेळी ती पाहावी, असा हा क्रम आहे.

परंतु जेथे कोट्यवधी खाती आहेत तेथे चुकाही असणारच. फेडलेले कर्ज ‘चालू’ दिसते; नामसाधर्म्यामुळे एकाची थकबाकी दुसऱ्याच्या नावावर चढते; दुसऱ्याच्या पॅन क्रमांकावर कोणी भामटा कर्ज उचलतो; बंद केलेल्या क्रेडिट कार्डावर किरकोळ आकार शिल्लक राहतो आणि व्याजासह वाढत जातो. जामीनदाराची स्थिती तर अधिकच बिकट. १८७२ च्या करार कायद्याने त्याची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच ठरविली आहे. साहजिकच मित्राने चुकविलेला हप्ता याच्याही अहवालात उमटतो.

या नोंदींचे परिणाम आता कर्जापुरते मर्यादित राहिलेले नाहीत. बँकांच्या नोकरभरतीत उमेदवाराचा पतइतिहास तपासला जातो. २०२५ साली मद्रास उच्च न्यायालयाने, अशा प्रतिकूल नोंदींवरून एका उमेदवाराची नेमणूक रद्द करण्याचा स्टेट बँकेचा निर्णय ग्राह्य धरला. उलट २०२३ साली केरळ उच्च न्यायालयाने, केवळ हा आकडा कमी आहे म्हणून विद्यार्थ्याला शैक्षणिक कर्ज नाकारता येणार नाही, असे बजावले. महाराष्ट्रात पीककर्जासाठी ‘सिबिल’चा आग्रह धरू नका, असे बँकांना राज्य शासनाला वारंवार सांगावे लागले. ज्या नोंदीवर माणसाची नोकरी, शिक्षण आणि पेरणी अवलंबून राहते, ती नोंद निर्दोष असणे हा त्याचा हक्कच मानला पाहिजे.

कायद्याने हा हक्क दिला आहे, पण अर्धवट. चूक दाखवून दिल्यास तीस दिवसांत दुरुस्ती व्हावी, असे कायदा सांगतो. मात्र संबंधित बँकेने ‘ही दुरुस्ती बरोबर आहे’ असे प्रमाणित केल्याखेरीज पतमाहिती कंपनीला नोंदीला हात लावता येत नाही. नेमके इथेच पाणी मुरते. जिने चूक केली तिच्याच मान्यतेवर चुकीची दुरुस्ती अवलंबून! कोणीही स्वतःच्या खटल्यात न्यायाधीश होऊ नये, हे नैसर्गिक न्यायाचे पहिले सूत्र येथे विसरले गेले आहे.

रिझर्व्ह बँकेने अलीकडे काही स्वागतार्ह पावले टाकली, हे मान्य केले पाहिजे. २०१७ पासून प्रत्येक कंपनीकडून वर्षाला एक संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळण्याची सोय झाली. सप्टेंबर २०२२ पासून या कंपन्या लोकपालाच्या कक्षेत आल्या. एप्रिल २०२४ पासून, तीस दिवसांत तक्रार न सुटल्यास पुढील प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई देणे बंधनकारक झाले. पण ही भरपाई विलंबाची आहे, अन्यायाची नव्हे. बँकेने विसाव्या दिवशी ‘आमची नोंद बरोबर आहे’ एवढे एका ओळीत कळविले, की तिच्यापुरते घड्याळ थांबते. तक्रारदाराला मात्र लोकपालाचे दार ठोठवावे लागते.

वसुलीच्या बाबतीतही चित्र निराळे नाही. वसुलीसाठी गुंड नेमता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ सालीच सुनावले. सकाळी आठच्या आधी व सायंकाळी सातनंतर थकबाकीसाठी दूरध्वनी करू नये, नातेवाइकांना व मित्रांना त्रास देऊ नये, चारचौघांत मानहानी करू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ साली स्पष्ट केले. तरीही वसुलीच्या वर्तनाचे नियमन करणारा, देशभर लागू असा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. अमेरिकेत तो १९७७ साली झाला. तेथे ऋणकोने मुदतीत लेखी हरकत घेतली, की देण्याचा पुरावा देईपर्यंत वसुली संस्थेला वसुली थांबवावी लागते. पतनोंदींबाबतच्या १९७० च्या व पुढे सुधारलेल्या कायद्यानुसार, ज्या नोंदीची खातरजमा होऊ शकत नाही ती काढून टाकावीच लागते.

यासाठी अमेरिकेकडेच पाहण्याचे कारण नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली. त्यांचा रोष कर्जापेक्षा त्या कागदांवर होता. कारण त्यांत काय लिहिले आहे हे फक्त सावकारालाच ठाऊक असे. त्या उद्रेकानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला, त्याने न्यायालयाला खतामागचा सारा व्यवहार मुळापासून तपासण्याचा अधिकार दिला आणि पावती व हिशेब देण्याचे बंधन सावकारावर घातले. परकीय सरकारलाही जे तत्त्व मान्य करावे लागले, ते स्वतंत्र भारतात संगणकाच्या खतपत्राला लागू होऊ नये काय?

उपाय अवघड नाही. तक्रार आल्यानंतर तीस दिवसांत बँकेने कर्जाचा करार व खात्याचा उतारा सादर करून नोंद सिद्ध करावी. न केल्यास ती आपोआप रद्द व्हावी. याने बुडव्यांचे फावेल, असा आक्षेप घेतला जाईल. पण खऱ्या थकबाकीचे कागद बँकेच्या दप्तरात असतातच. ते दाखविण्यात तिला अडचण कसली? अडचण येईल ती फक्त खोट्या नोंदीबाबत.

तोवर सामान्य कर्जदाराने सावध राहणे इष्ट. दरवर्षी अहवाल मागवावा. कर्ज फिटताच ‘येणे बाकी नाही’ असा दाखला घ्यावा व जपून ठेवावा. तक्रार बँक व कंपनी या दोघांकडेही लेखी करून तिची पोच घ्यावी. ‘थोडे भरा, प्रकरण मिटवू’ या तडजोडीला मान डोलाविण्यापूर्वी, ‘सेटल्ड’ हा शेरा अहवालात वर्षानुवर्षे राहतो, हे लक्षात घ्यावे. वसुलीस आलेल्याकडे ओळखपत्र व अधिकारपत्र मागण्यात संकोच नसावा. मात्र नागरिकाच्या सावधगिरीवर कायद्याची उणीव कायमची झाकता येत नाही. देणे फेडणे हे ऋणकोचे कर्तव्य आहे. ते देणे आहे हे सिद्ध करणे धनकोचे. या दोन्ही पारड्यांत सारखेच वजन पडेल, तेव्हाच पतव्यवस्थेला स्वतःची पत लाभेल.