क्रूस आणि केडगाव

एप्रिलच्या आसपास गोमंतकातील ख्रिस्ती वाड्यांवर एक दिवस असा उगवतो की, त्या दिवशी चर्चच्या घंटा मुक्या राहतात. गुड फ्रायडेच्या त्या दिवशी लाकडी टाळांच्या कोरड्या आवाजात मिरवणूक निघते, म्हातारीकोतारी माणसे काळी वस्त्रे लेवून अनवाणी चालतात, आणि शेजारचा हिंदू आपल्या घराच्या सोप्यावरून ते दृश्य आदराने, पण थोडे अलिप्तपणे पाहत उभा राहतो. दोन हजार वर्षांपूर्वी वधस्तंभावर मेलेल्या एका पुरुषाचा शोक ही माणसे दरवर्षी नव्याने का करतात, आणि त्या शोकातून त्यांना स्वतःचे दुःख सोसण्याचे बळ कसे लाभते, हा प्रश्न आम्ही हिंदूंनी शेजाऱ्याला क्वचितच विचारला आहे. शेकडो वर्षे एका विहिरीचे पाणी पिऊनही तो विचारावासा वाटला नाही, याची कारणे आहेत आणि ती लपविण्यात अर्थ नाही.

गोमंतकातील हिंदूला क्रूस प्रथम दिसला तो सत्तेच्या हातात. १५६० मध्ये येथे इन्क्विझिशन सुरू झाले आणि ते १८१२ पर्यंत टिकले. कुशस्थळीचा मंगेश, केळोशीची शांतादुर्गा, वेरण्याची म्हाळसा ही दैवते भक्तांनी रातोरात उचलून नदीपार अंत्रुज महालात नेली, म्हणून ती आज प्रियोळ, कवळे आणि म्हार्दोळ येथे नांदत आहेत. आपला देव पाठीवर घेऊन घरदार सोडणाऱ्या त्या पूर्वजांची श्रद्धा ही संकटात सापडलेल्या माणसाची श्रद्धा होती. तिचा आम्हांला अभिमान आहे आणि तो असलाच पाहिजे. परंतु ज्याच्या पूर्वजांनी श्रद्धेसाठी एवढे सोसले, त्याला दुसऱ्याच्या श्रद्धेतील सोसणे इतरांआधी ओळखता यावयास हवे. राज्यकर्त्याच्या हातातील क्रूस वेगळा आणि सर्वस्व गमावलेल्या एखाद्या विधवेने उराशी धरलेला क्रूस वेगळा, हा विवेक आमच्या समाजाने फारसा केलेला नाही. तो न केल्यामुळे ज्या एका मराठी स्त्रीविषयी आमच्या हातून अन्याय घडला, तिच्याकडे आज आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. ती स्त्री म्हणजे पंडिता रमाबाई. २३ एप्रिल १८५८ हा त्यांचा जन्मदिवस आणि ५ एप्रिल १९२२ हा मृत्युदिन.

रमाबाईंच्या वाट्याला आलेल्या आपत्तींची नुसती यादी वाचली तरी मन सुन्न होते. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे वेदशास्त्रसंपन्न ब्राह्मण. पत्नीला आणि मुलींना संस्कृत शिकविले म्हणून त्यांना स्वकीयांचा रोष पत्करावा लागला. पुढे हे कुटुंब तीर्थामागून तीर्थ पायी फिरत पुराणे सांगून निर्वाह करू लागले. मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला तेव्हा दान देणारे हात आटले, आणि मोलमजुरी करणे या कुळाच्या परंपरेत नव्हते. प्रथम वडील गेले, मग आई गेली, पाठोपाठ थोरली बहीण गेली. आईचे प्रेत उचलण्यास पुरेशी माणसे मिळाली नाहीत, तेव्हा वडील बंधू श्रीनिवास याच्याबरोबर रमाबाईंनी खांदा दिला. अंगाने ठेंगणी असल्यामुळे त्या मुलीला तिरडीचे टोक डोक्यावर घ्यावे लागले. त्यानंतर बहीणभाऊ हजारो मैल चालले. झेलमच्या काठी थंडीपासून बचाव व्हावा म्हणून त्यांनी वाळूत खड्डे खणून, गळ्यापर्यंत वाळू ओढून घेऊन रात्री काढल्या.

१८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी या तरुणीला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरविले. पण दैवाची परीक्षा संपली नव्हती. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह झाला आणि १८८२ च्या आरंभी पटकीने तेही गेले. पदरी मनोरमा ही तान्ही मुलगी आणि वय अवघे तेवीस. पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, 'स्त्रीधर्मनीति' लिहिली आणि हंटर आयोगापुढे स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण मिळावे म्हणून साक्ष दिली. वैद्यकीय शिक्षणाच्याच हेतूने त्या १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. ही बातमी येताच महाराष्ट्राने कपाळावर हात मारून घेतला. पण त्यांनी धर्म बदलला हे जेवढ्या मोठ्याने बोलले गेले, तेवढ्या मोठ्याने त्यांना त्या धर्मात काय सापडले हे विचारले गेले नाही.

त्यांना काय सापडले, ते त्यांनी स्वतःच पुढे सांगितले आहे. समाजाने पतित म्हणून झिडकारलेल्या स्त्रियांना लंडनमध्ये ख्रिस्ती भगिनी ममतेने सांभाळताना त्यांनी पाहिल्या. हे कुठून आले, असा प्रश्न त्यांनी केला, तेव्हा शोमरोनी स्त्रीशी विहिरीकाठी बोलणाऱ्या ख्रिस्ताची कथा त्यांना वाचून दाखविण्यात आली. ज्या मुलीने पुराणे मुखोद्गत केली होती आणि आईबापांना अन्नान्न करीत मरताना पाहिले होते, तिच्या मनाला या कथेने स्पर्श केला यात आश्चर्य कसले?

येथे तत्त्वविचाराचा एक मुद्दा स्पष्ट केला पाहिजे. दुःखाचे कारण पूर्वकर्मात शोधण्याची आमची रीत आहे. त्या विचारात न्यायाची थोर कल्पना आहे. मात्र तिचा उपयोग बहुधा दुसऱ्याच्या दुःखाचा हिशेब मांडण्यासाठी केला जातो, आणि बालविधवेला 'तुझेच भोग' म्हणून मोकळे होता येते. बायबलातील ईयोबाच्या कथेत असा हिशेब मांडणारे मित्र येतात आणि अखेरीस देव त्यांनाच चुकीचे ठरवितो. ख्रिस्ताच्या चरित्रात तर निष्पाप पुरुषच वधस्तंभावर जातो आणि शेवटच्या घटकेला, देवाने आपल्याला का टाकले, असा आक्रोश करतो. त्या धर्माच्या दृष्टीने देव दुःखाचा हिशेबनीस नाही. तो स्वतः दुःखात उतरलेला आहे. आमच्या संतांना हे अपरिचित होते असे मात्र कोणी समजू नये. दुष्काळात पत्नी आणि पुत्र गमावलेल्या तुकोबांनी त्या होरपळीतच विठ्ठलाला गाठले. नारायण वामन टिळक या कोकणच्या कवीने १८९५ मध्ये ख्रिस्ती झाल्यावरही तुकोबांची कास सोडली नाही. उलट तुकोबांच्या सेतूवरूनच आपण ख्रिस्ताच्या चरणाशी आलो, अशी त्यांची भावना होती आणि ती त्यांनी अभंगांतूनच गायिली.

टिळकांच्या घरातील आपत्ती निराळ्या जातीची होती. नवऱ्याने न सांगता धर्म बदलला आणि लक्ष्मीबाईंवर सौभाग्य असून वैधव्यासारखे जिणे ओढवले. लहान मुलाला घेऊन चारपाच वर्षे त्या नातलगांच्या आश्रयाने राहिल्या. पुढे त्या पतीकडे आल्या तरी धर्मांतर केले नाही. सोवळेओवळे आणि जातिभेद ही माणसाची निर्मिती आहे असे स्वतःच्या मनाला पटल्यावर, १९०० मध्ये, त्यांनी आपल्या पायांनी चालत तो उंबरठा ओलांडला. 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला ठाऊक आहे की, या बाईने एवढे दुःख सोसून हसू गमावले नाही. टिळक १९१९ मध्ये वारले आणि 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले. शाळेचे शिक्षण नसलेल्या लक्ष्मीबाईंनी त्यात चौसष्ट अध्यायांची भर घातली.

आता कसोटीचा प्रश्न. श्रद्धेने माणसाला आपले दुःख विसरता आले, एवढ्यावरून ती खरी ठरत नाही. दुःख तर अफूनेही विसरता येते. आपल्या जखमेतून दुसऱ्याची जखम दिसू लागली, तरच श्रद्धा खरी. रमाबाईंची श्रद्धा या कसोटीला पुरेपूर उतरते. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदासदन काढले आणि पुढील वर्षी ते पुण्यास हलविले. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा एकेकाळी स्वतः भुकेने तडफडलेली ही स्त्री तेथे धावून गेली आणि निराधार मुलींना घेऊन आली. पुण्याजवळ केडगाव येथे घेतलेल्या जमिनीवर मुक्तिसदन उभे राहिले. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील वस्ती दीड हजारावर गेली. तेथे शेती होती, विणकाम होते, आंधळ्यांसाठी ब्रेल लिपीचे शिक्षण होते, आणि मुली स्वतः खिळे जुळवीत असा छापखाना होता. त्याच छापखान्यासाठी रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संबंध बायबल सोप्या मराठीत उतरविले. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी गेली, स्वतःला ऐकू येईनासे झाले होते, तरी काम थांबले नाही. कन्येमागून नऊ महिन्यांच्या आत त्याही गेल्या.

आणि या बाईने आपले स्वत्व कोणाच्या चरणी गहाण टाकले असेही नाही. दीक्षा घेतल्यावर चर्चच्या अधिकाऱ्यांशी त्यांनी मतांसाठी कडाक्याचा वाद घातला. गळ्यातील क्रूसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, असे त्यांनी इंग्रज भगिनींना खडसावून विचारले. त्या अखेरपर्यंत शाकाहारी राहिल्या आणि साडीतच वावरल्या.

न्यायाच्या दृष्टीने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १८९३ मध्ये शारदासदनातील काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेत बसू लागल्याचे उघड झाले, तेव्हा रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे सुधारकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि पालकांनी मुली काढून नेल्या. शिक्षण देणारी संस्था धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, हा विश्वास ढळल्याचे त्यांचे दुःख खोटे नव्हते. आश्रितांचे मन आश्रयदात्याकडे आपोआप झुकते, म्हणून अशा ठिकाणी अधिक सावध राहावे लागते, हे आम्ही आजही म्हणू. परंतु त्या वादात जितकी शाई वाया गेली, तितके धान्य दुष्काळी विधवांच्या पदरात आम्ही टाकले होते काय? हिंगण्यास धोंडो केशव कर्वे यांनी आश्रम काढला, तो शारदासदनाने घालून दिलेल्या वाटेनेच; आणि त्यांची पत्नी गोदूबाई ही शारदासदनचीच पहिली विधवा विद्यार्थिनी होती. वादाला खरे उत्तर कर्व्यांनी दिले. बाकीच्यांनी केवळ अग्रलेख लिहिले. आमच्या व्यवसायाला हे कबूल करणे भाग आहे.

आज पुन्हा धर्मांतराच्या नावाने देशात वातावरण तापविले जाते. दुसरीकडे, प्रार्थनेने दुर्धर रोग बरे करून देण्याचा बाजारही मांडला जातो. दोघांनाही केडगावचे एकच उत्तर पुरेसे आहे. रमाबाईंनी चमत्कार विकले नाहीत. त्यांनी विहिरी खणल्या आणि मुलींच्या हाती पुस्तके व अवजारे दिली. ज्याला आपल्या समाजातील माणूस दूर जाऊ नये असे वाटते, त्याने कायद्याचा दंडुका उगारण्यापूर्वी, त्या माणसाच्या दारी संकट आले तेव्हा आपण कुठे होतो, हा प्रश्न स्वतःला विचारावा.

गोमंतकाच्या सामान्य माणसाला हे शहाणपण पंडितांपेक्षा अधिक आहे. म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीला तो शिरगावच्या लईराईची बहीण मानतो आणि तिच्या फेस्ताला तेल घेऊन जातो. देवतांमध्ये असे बहिणीचे नाते जोडणाऱ्या या भूमीला माणसांमधील नाते जोडणे अवघड जाऊ नये. येत्या गुड फ्रायडेला लाकडी टाळांचा आवाज ऐकू येईल, तेव्हा सोप्यावरून नुसते पाहत न राहता शेजाऱ्याच्या दारी चार पावले जावे. त्याच्या घरी गेल्या वर्षात कोण गेले, कोणाची नोकरी सुटली, बोटीवरचा मुलगा परतला की नाही, एवढे विचारावे. मग त्याच्या क्रूसाचा अर्थ कोणी समजावून सांगण्याची गरज उरणार नाही.