रुग्णाला विचारले का?

अर्धांगवायूचा रुग्ण रुग्णालयातून घरी आला की पुढची लढाई घरात लढावी लागते. फिजिओथेरपिस्ट व्यायाम शिकवून जातो. ते रोज करून घ्यायचे काम सिस्टरचे किंवा घरातल्या सुनेचे. आणि रोज एक पेच पडतो. आजोबा म्हणतात, "आज मला उठवू नका." मुलगा म्हणतो, "सिस्टर, त्यांचे ऐकू नका, चालवाच." सिस्टरने कोणाचे ऐकायचे?

माझे मत असे, की शरीर ज्याचे त्याचा शब्द शेवटचा. सिस्टरचा पगार मुलगा देतो म्हणून तो हक्क मुलाकडे जात नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदाही अपंग व्यक्तीला कायद्यापुढे इतरांच्या बरोबरीचे स्थान देतो.

मात्र "नको म्हणाले, मग राहू द्या" हीदेखील हेळसांडच होय. नकारामागचे कारण शोधणे हा शुश्रूषेचाच भाग आहे. खांदा दुखत असेल, पडण्याची भीती असेल, रात्री झोप झाली नसेल. झटक्यानंतर अनेकांना नैराश्य येते. त्यावर औषधोपचार आहेत. कारण दूर झाले की पुष्कळदा रुग्ण आपणहून उठतो. आज चालायचे की नुसते खाटेच्या कडेला बसायचे, सकाळी की संध्याकाळी, हे त्याला ठरवू द्यावे. कूस बदलणे टाळले तर पाठीला, माकडहाडाला जखमा होतात. हा धोका त्याला समजावून सांगावा. कूस बदलतानाही आधी सांगावे. माणूस म्हणजे धान्याचे पोते नव्हे.

उजवी बाजू लुळी पडली की बऱ्याचदा वाचाही जाते. बोलता येत नाही म्हणजे समजत नाही, असे मुळीच नाही. एका वेळी एकच सोपा प्रश्न विचारा. मान किंवा हात हलवून 'हो-नाही' सांगू द्या, उत्तराला वेळ द्या. शंका वाटली तर तोच प्रश्न उलटा विचारून खात्री करा. ज्याला खरोखरच समजत नाही, त्याच्या बाबतीत 'आपल्याला काय सोयीचे' यापेक्षा 'त्याला काय आवडले असते' याचा विचार घरच्यांनी करावा.

वाचकहो, आपल्या घरी असा रुग्ण असेल तर उद्या सिस्टरला सूचना देण्याआधी खाटेकडे वळा आणि विचारा, "बाबा, आज काय करू या?"