खेळून पुढं काय?

मैत्रिणींनो, परवा मंचरच्या बाजारात वर्गातल्या एका मुलीची आई भेटली. मेथीची जुडी पिशवीत टाकत म्हणाली, “बाई, पोरगी दहावीत गेली. आता तिची कबड्डी बंद. खेळून पुढं काय करायचंय?”

मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. रात्री ओटा आवरताना नाशिकच्या शैलजा जैन आठवल्या. स्वतः कबड्डी खेळल्या, मग प्रशिक्षक झाल्या आणि वर्षानुवर्षं मुली घडवल्या. आपण नातवंडांत रमतो त्या वयात त्या इराणच्या महिला संघाला शिकवायला गेल्या. तिथली भाषा शिकल्या. मुलींकडून योगासनं, प्राणायाम करून घेतला. चढाईला दम नको का? २०१० आणि २०१४ च्या आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक आपल्या मुलींचं होतं. २०१८ ला जकार्तात इराणच्या मुलींनी अंतिम सामन्यात आपल्याला २७-२४ असं हरवलं. वाईट वाटलंच, पण शिकवणारी आपल्याच मातीतली!

आता ती आई भेटली की सांगणार आहे, खेळायचं वय सरतं, शिकवायचं सरत नाही. पदवीनंतर बी.पी.एड. करून शाळेत खेळाची शिक्षिका होता येतं. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत प्रशिक्षकाचा वर्षाचा अभ्यासक्रम असतो. तेव्हा दहावीचा अभ्यास होऊ द्या, पण संध्याकाळचा तासभर मैदानही राहू द्या. भाकऱ्या त्या दिवशी भावानं थापल्या तरी चालतील!