रीळ बदलायला किती वेळ?

सर्किट बोर्डावर भाग बसवणारे पिक अँड प्लेस मशीन विकणारा पहिला आकडा सांगतो तो तासाला किती भाग बसतात याचा. भोसरी किंवा सातपूरच्या लघुउद्योजकाने त्या आकड्याला भुलू नये. त्याच्याकडे आज सौरपंपाचे कंट्रोलर असतात, उद्या एखाद्या वैद्यकीय उपकरणाचे नमुने.

समजा, ५० बोर्डांची ऑर्डर आहे आणि प्रत्येकावर १०० भाग. एकूण ५,००० भाग. तासाला १०,००० भाग बसवणारे मशीन हे काम अर्ध्या तासात उरकते, ४०,००० बसवणारे साडेसात मिनिटांत. पण त्याआधी चाळीस प्रकारच्या रिळा फीडरवर चढवायच्या, सोल्डर पेस्टचे स्टेन्सिल बदलायचे, प्रोग्राम तपासायचा, पहिला बोर्ड भिंगाखाली धरायचा. यात अर्धा दिवस सहज जातो. पैसे मोजून घेतलेल्या वेगाने वाचवली ती जेमतेम बावीस मिनिटे! शिवाय ०४०२ आकाराचा रेझिस्टर १ मिलिमीटर लांब आणि अर्धा मिलिमीटर रुंद. त्यावर बहुधा काही छापलेले नसते. १ किलोओहमऐवजी १० किलोओहमची रीळ चढली, तर कॅमेऱ्याला फरक कळत नाही. अचूक जागी चुकीचा भाग, पन्नासही बोर्डांवर.

लवचिक मशीनचे मोल इथे कळते. फीडरलाच स्वतःची ओळख असते, त्यामुळे तो कोणत्या खाचेत बसवला हे मशीनला आपोआप समजते. रिळेचा बारकोड वाचल्याशिवाय काम सुरू होत नाही. एक बॅच चालू असतानाच पुढच्या बॅचची ट्रॉली बाजूला भरून ठेवता येते. स्वीडनच्या मायडेटाने (आजची मायक्रॉनिक) अशाच छोट्या, विविध बॅचच्या कामावर नाव कमावले.

आपले धोरण मात्र अजून संख्येकडेच पाहते. २०२० च्या उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन (पीएलआय) योजनेत वाढीव विक्रीवर ४ ते ६ टक्के प्रोत्साहन ठेवले गेले. मोबाइलच्या प्रचंड कारखान्यांसाठी ते योग्यच होते. पण नवे उपकरण आधी दहा-वीस बोर्डांत जन्मते, आणि ते बोर्ड इथे वेळेत भरून मिळाले नाहीत तर डिझाइन करणारा फाइल शेनझेनला पाठवतो. पुढची मोठी ऑर्डरही मग बहुधा तिकडेच राहते.

सामायिक सुविधा केंद्रांसाठी केंद्राचा सूक्ष्म व लघुउद्योग समूह विकास कार्यक्रम आहे, चिंचवडच्या ऑटो क्लस्टरचा अनुभवही गाठीशी आहे. त्याच धर्तीवर बोर्डांवर भाग बसवणाऱ्या लवचिक लाइन (एसएमटी) भोसरी, सातपूर आणि वाळूजमध्ये उभ्या राहिल्या पाहिजेत. निविदेत तासाच्या आकड्याआधी एक अट असावी: एका बोर्डावरून दुसऱ्यावर जायला किती मिनिटे लागतात, ते पुरवठादाराने प्रत्यक्ष करून दाखवावे. आणि लाइन रिकामी असेल त्या वेळी आयटीआयच्या मुलामुलींना तिथे फीडर भरायला आणि प्रोग्राम लिहायला बसवावे.