रेशनच्या किटमध्ये गोळ्या नव्हत्या

एप्रिल 2020 मध्ये आम्ही काही मुले जळगावच्या मेहरूण आणि तांबापुरा भागात रेशनचे किट वाटत होतो. पीठ, तांदूळ, डाळ, तेल, साखर आणि रमजान जवळ आल्यावर खजूर. प्रत्येक दारात आमचा एकच प्रश्न असे, घरात माणसे किती? गोळ्या कोणाला चालू आहेत आणि त्या किती दिवस पुरतील, हे आम्ही एकाही दारात विचारले नाही. ती चूक मला आजही टोचते.

त्याच दिवसांत धुळ्यात, वडजाई रोडला, माझी खाला बीपीची गोळी एक दिवसाआड घेत होती. नेहमीचा दवाखाना बंद, पॉवरलूम थांबलेले, घरात पैसा नाही. फोनवर ती एवढेच म्हणायची, "मी ठीक आहे बेटा, तू स्वतःला सांभाळ." ऑगस्टमध्ये तिला लकवा झाला. डावा हात आजही नीट उचलत नाही. गोळ्या चुकल्या म्हणूनच झाला, असे मी छातीठोक सांगणार नाही. पण बीपीची गोळी मध्येच सोडली की लकव्याचा धोका वाढतो, हे कोणताही डॉक्टर सांगेल. तिची कोरोनाची टेस्ट निगेटिव्ह होती. म्हणजे महामारीच्या कोणत्याही आकड्यात ती नाही.

अशी माणसे किती? जागतिक आरोग्य संघटनेने मे 2020 मध्ये 155 देशांची पाहणी केली. 53 टक्के देशांत बीपीचे आणि 49 टक्के देशांत मधुमेहाचे उपचार पूर्ण किंवा अंशतः विस्कळीत झाले होते. आपल्या देशात 2019 मध्ये टीबीच्या सुमारे 24 लाख रुग्णांची नोंद झाली होती, 2020 मध्ये ती 18 लाखांवर आली. टीबी कमी झाला नव्हता, रुग्ण दवाखान्यापर्यंत पोहोचलेच नव्हते. धुळ्याहून मुंबई-आग्रा रोडने तासाभरावर असलेल्या मालेगावात त्या एप्रिलमध्ये कब्रस्तानात दफनांची संख्या आदल्या वर्षापेक्षा कितीतरी वाढली. कोरोनाच्या नोंदीत मात्र त्यातले मोजकेच होते. खासगी दवाखाने बंद आहेत, शुगर, हृदय आणि दम्याचे रुग्ण उपचाराविना जात आहेत, असे तिथले लोक तेव्हाच ओरडून सांगत होते.

डॉक्टरांनाच दोषी ठरवणे सोपे आहे. सुरुवातीला त्यांच्याकडेही पीपीई किट नव्हते, त्यांच्याही घरात म्हातारे आईवडील होते. खरी चूक व्यवस्थेची होती. जळगावचे जिल्हा रुग्णालय कोविडसाठी राखीव झाले. एसटी आणि रिक्षा बंद असताना महिन्याच्या गोळ्यांसाठी येणाऱ्या गरिबाने जायचे कुठे? आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस लागणाऱ्याने काय करायचे?

त्यात भीती. जून 2020 मध्ये जळगावच्या त्याच रुग्णालयात बेपत्ता झालेल्या एका वृद्ध महिलेचा मृतदेह काही दिवसांनी शौचालयात सापडला. त्यानंतर लोक दुखणे अंगावर काढू लागले. जिल्ह्याचा कोरोना मृत्युदर तेव्हा देशाच्या सरासरीच्या कितीतरी पट होता. उशिरा दवाखान्यात येणे आणि आधीचे आजार, ही त्यामागची कारणे प्रशासनच सांगत होते.

आपल्या मोहल्ल्यांत आणखी एक भीती होती. एनआरसीचा हिवाळा नुकताच संपला होता आणि तबलीगच्या नावाने टीव्हीवर रोज विष ओतले जात होते. औरंगाबाद खंडपीठाने 21 ऑगस्ट 2020 रोजी परदेशी तबलीगींवरील गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केले गेल्याचे म्हटले. पण तोवर व्हायचे ते नुकसान झाले होते. सप्टेंबरमध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत आशाताई शुगर-बीपी विचारायला दारात आल्या, तेव्हा कित्येकांनी "आमच्याकडे कोणीच आजारी नाही" असे सांगून दार लावले. अविश्वास समजण्यासारखा होता. पण त्याची किंमत घरातल्या म्हाताऱ्यांनी मोजली.

रमजानचेही तसेच. मधुमेह असलेल्याने रमजानच्या दीड-दोन महिने आधी डॉक्टरांना भेटून गोळ्यांच्या, इन्सुलिनच्या वेळा ठरवून घ्याव्यात, असे तज्ज्ञ सांगतात. आपण जातो चाँद जवळ आल्यावर. त्या वर्षी रोजे 25 एप्रिलला, खानदेशच्या भर उन्हात सुरू झाले आणि दवाखान्यांची दारे महिनाभर आधीच बंद झाली होती. आजाऱ्याला रोजाची सवलत खुद्द कुरआनने दिली आहे, हे घरातल्या बुजुर्गांना समजावून सांगणेही खिदमतच आहे.

माझे म्हणणे साधे आहे. आपले तरुण संकटात मागे राहत नाहीत. रेशन, ऑक्सिजन, रक्तदान, अगदी अनोळखी मय्यतीला खांदा देण्यापर्यंत आपण धावलो. पण ही सगळी धावपळ संकट आल्यानंतरची. लकवा झाल्यावर रुग्णवाहिका बोलावण्यापेक्षा गोळी संपण्याआधी दारात पोहोचणे स्वस्त आहे आणि सवाबाचेही.

त्यासाठी प्रत्येक मोहल्ल्यात एक वही हवी. कोणाला कोणती गोळी चालू आहे, ती कधी संपते, घरी इन्सुलिन असेल तर फ्रिज आहे का, एवढेच तिच्यात लिहायचे. तेही त्या घराच्या परवानगीने, आणि वही चार जबाबदार माणसांच्या हातातच ठेवायची. चिठ्ठीचा फोटो मुलाच्या किंवा सुनेच्या मोबाइलमध्ये असावा. बीपी-शुगरच्या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात, जनऔषधी दुकानात स्वस्त मिळतात. हे ज्याला माहीत नाही, त्याला पहिल्यांदा सोबत घेऊन जा. महिन्यातून एका जुम्याला नमाजनंतर मस्जिदीच्या आवारात बीपी-शुगर तपासता येईल. जळगावात इकराचे युनानी महाविद्यालय आहे, गल्लोगल्ली आपले डॉक्टर आहेत. बोलावले तर येतील. बायकांसाठी वेगळी वेळ ठेवा, कारण स्वतःच्या गोळीवर काटकसर करण्यात त्या सर्वांत पुढे असतात.

आणि प्रशासनाकडे एक मागणी आतापासूनच लावून धरू या. पुढची साथ आली तर सगळे सरकारी रुग्णालय एकाच आजाराला देऊ नका, रोजच्या रुग्णांसाठी एक दार उघडे ठेवा. ही मागणी मुसलमानांची नाही, खानदेशातल्या प्रत्येक गरिबाची आहे.

मागच्या महिन्यात धुळ्याला गेलो, तेव्हा खालाने उजव्या हाताने चहा पुढे केला. मी आधी गोळ्यांचा डबा मागितला आणि मोजल्या. अकरा दिवसांच्या उरल्या होत्या. तुमच्या घरात किती उरल्या आहेत?