पहाटेपर्यंतची परवानगी

जत्रेत पालखीची प्रदक्षिणा आटोपली, खाज्याच्या दुकानांवरची गर्दी ओसरली, की माणसे देवळापुढच्या मांडवाकडे सरकू लागतात. लहानपणी मला नाटकापेक्षा रंगपटाचे आकर्षण अधिक. रंगपट म्हणजे काय, तर धर्मशाळेची ओसरी. तिथे दशावतारी आपापल्या पेटाऱ्यापुढे मांडी घालून, हातात लहानसा आरसा धरून, स्वतःच स्वतःला रंगवत बसलेले असत. स्त्रीपार्टी करणारा नट सर्वांत आधी बसायचा आणि सर्वांत शेवटी उठायचा. गालावरून वस्तरा दुसऱ्यांदा फिरे, मग रंग, कुंकू, गंगावन, आणि शेवटी साडी. निऱ्या नीट बसल्या की तो उभा राही आणि भोवतीची आम्ही पोरे आपोआप दोन पावले मागे सरत असू. आमच्या शेजारच्या काकी आईला कोपर मारून म्हणायच्या, "काय साडी नेसलोहा बघ गो!" त्यात चेष्टा नसे. असलाच तर थोडा हेवा असे.

आख्यान पहाटेपर्यंत चाले, मग दहीकाला होई. 'रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा' अशी या कलावंतांविषयी आमच्याकडे म्हणच आहे. रात्रीच्या राणीलाही ती लागू होती. पुढच्या गावी चालत जायचे असे, पण निघण्याआधी साडी पेटाऱ्यात जाई. कितीही उशीर झालेला असो, कितीही थकवा असो, साडी नेसून कोणी रस्ता धरलेला मी पाहिला नाही. मांडवाच्या आत जी साडी नमस्काराला पात्र होती, ती मांडवाच्या चार बांबूंपलीकडे गेली की काय होईल, हे त्या नटाला कोणी सांगावे लागत नव्हते.

आज मला लिहायचे आहे ते ज्यांना मांडवच नाही अशा पुरुषांविषयी.

१९८७ सालची गोष्ट. मी बँकेत नुकताच अधिकारी झालो होतो आणि मालवणात खोली घेऊन राहत होतो. आमचे हेड कॅशियर माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. संसारी माणूस, बायकामुले गावी, स्वतः इथे एकटे. हिशेबात एक पैसा इकडचा तिकडे होणार नाही. एका रात्री वीज गेली, उकडून निघालो, म्हणून चिवला वेळेवर फिरायला गेलो. सुरूच्या झाडांपाशी एक बाई पाण्याकडे तोंड करून उभी होती. अंगावर फिकट रंगाची गोल साडी. इतक्या रात्री एकटी बाई कोण, म्हणून मी थबकलो. तिने वळून पाहिले आणि चांदण्यात मी आमच्या हेड कॅशियरना ओळखले. त्यांनीही मला ओळखले. आमच्यात दहा पावलांचे अंतर असेल. मी मान खाली घातली आणि आल्या वाटेने परत फिरलो.

दुसऱ्या दिवशी ते वेळेवर आले, कॅश मोजली, सही केली. मी एक शब्द काढला नाही. आपण फार सभ्यपणे वागलो, असे मला तेव्हा वाटले होते. महिन्याभराने ते माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाले, "साहेब, मला बदली हवी आहे. कुठेही चालेल." अर्जावर शिफारस मीच केली. तो महिना त्यांनी कसा काढला असेल, हे कळायला मला बरीच वर्षे लागली. माझ्या लेखी जी सभ्यता होती, ती त्यांच्या लेखी टांगती तलवार होती. हा बोलत नाही म्हणजे कधी बोलणार, कोणापुढे बोलणार? पुढे एका लग्नात भेटलो, तेव्हा ते पूर्ण वेळ माझ्या आणि आपल्या पत्नीच्या मध्ये उभे राहिले. जेवणाच्या पंगतीतसुद्धा.

अशा पुरुषांना आता क्रॉसड्रेसर म्हणतात. शब्द इंग्रजी आहे, माणसे आपलीच आहेत. तृतीयपंथी समाजाशी त्यांची गल्लत होते. काहींचा प्रवास त्या दिशेने असतोही, पण पुष्कळ जण पुरुष म्हणूनच जगतात, संसार करतात, नोकरी करतात, आणि अधूनमधून साडी नेसावी, बांगड्या घालाव्यात, असे त्यांना मनापासून वाटते. त्यावरून त्यांच्या शरीरसंबंधांच्या आवडीनिवडीचा अंदाज बांधायला जाऊ नये. का वाटते, याचे एकच एक उत्तर कोणापाशी नाही, आणि माझ्या मते ते शोधण्याची आपल्याला घाईही नसावी. आपल्या मुली-सुना पँट घालून स्कूटरवरून जातात, तेव्हा आपण कारण विचारत नाही. निदान आता विचारत नाही.

भीती मात्र खरी आहे. दार लावून आरशापुढे उभे राहण्यात धोका नाही, धोका उंबऱ्यापलीकडे आहे. रस्त्यावर दिवा कुठे आहे, नाकाबंदी कुठे असते, रिक्षावाल्याशी बोललो तर आवाजावरून कळेल का, गाडी बंद पडली तर, लायसनवरचा फोटो आणि हा चेहरा जुळला नाही तर. चोरालासुद्धा इतका बारीक विचार करावा लागत नसेल.

ही भीती आकाशातून पडलेली नाही. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला, तो आपल्याला माहीत असतो तो पारधी, कैकाडी अशा समाजांवर बसवलेल्या शिक्क्यामुळे. त्याच कायद्याचा दुसरा भाग हिजड्यांविषयी होता. त्यांची नोंदवही ठेवायची, आणि नोंदलेला इसम बाईच्या वेषात रस्त्यावर आढळला, किंवा रस्त्यावरून दिसेल अशा बेताने कुठेही उभा राहिला, तर वॉरंटाशिवाय अटक करायची. शिक्षा दोन वर्षांपर्यंत. दुसऱ्याचे काही हिरावले नाही, कोणाला दुखावले नाही, केवळ दिसला म्हणून गुन्हेगार! पुढे मुरादाबादेत खैराती नावाच्या एका माणसाला पोलिसांनी पकडले. बायकांच्या कपड्यांत तो गात होता, हे त्याच्यावरच्या संशयाचे मूळ. त्याची वैद्यकीय तपासणी झाली, खालच्या न्यायालयात शिक्षा झाली. कृत्य कधी केले, कुठे केले, कोणाबरोबर केले, याचा पत्ताच नाही म्हणून १८८४ साली अलाहाबादच्या उच्च न्यायालयाने त्याला सोडले. पोलिसांचा हेतू मात्र आपण जाणतो, अशा अर्थाचे वाक्य न्यायमूर्तींनी निकालात लिहून ठेवले.

खुद्द साहेबाच्या देशातही तेव्हा हेच चालले होते. अर्नेस्ट बोल्टन आणि फ्रेडरिक पार्क हे दोन तरुण रंगमंचावर स्त्रीभूमिका करीत, त्याला लोक टाळ्या देत. एप्रिल १८७० मध्ये लंडनच्या स्ट्रँड थिएटरात ते स्त्रीवेषातच प्रेक्षक म्हणून गेले आणि बाहेर पडताना पोलिसांनी धरले. खटला उभा राहिला, पुढच्या वर्षी ज्यूरीने तासाभराच्या आत निर्दोष ठरवले. रंगमंचावर चालते, ते प्रेक्षागृहात चालत नाही! आमच्या मांडवाच्या बांबूंचीच ही विलायती आवृत्ती.

आपल्याकडे तर रंगमंचाचे कौतुक काही विचारू नका. बालगंधर्व ज्या तऱ्हेने साडी नेसत, त्या तऱ्हेने घरंदाज बायका नेसू लागल्या. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र' मधली तारामती म्हणजे अण्णा साळुंके, उपाहारगृहातून फाळक्यांनी आणलेला गडी. शिमग्यात राधा होऊन दारोदार नाचणाऱ्या पुरुषाला आमच्याकडे सुवासिनी शबय घालतात. पण हे कौतुक किती पातळ असते, ते गणपत पाटलांना विचारायला हवे होते. तमाशापटांत नाच्याची भूमिका त्यांनी इतकी हुबेहूब केली की घरसंसार असलेल्या या कलावंताला लोक पडद्याबाहेरही तेच समजू लागले, आणि त्याचा त्रास त्यांच्या घरातल्यांनाही झाला. २००८ साली ते गेले. 'काय अभिनय होता!' म्हणणारे पुष्कळ निघाले, ते नंतर.

कायदा आज काय म्हणतो, हे एकदा स्पष्ट सांगितले पाहिजे, कारण भीतीचा अर्धा भाग अज्ञानाचा असतो. पुरुषाने साडी नेसून रस्त्यावर चालणे हा भारतात गुन्हा नाही. १५ एप्रिल २०१४ च्या नालसा निकालात सर्वोच्च न्यायालयाने पोशाख हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला आणि घटनेतल्या मोजक्या मर्यादा सोडल्या तर कोणाच्या दिसण्यावर वा कपड्यांवर बंधन घालता येणार नाही, असे म्हटले. अडचण येते ती दुसऱ्या बाजूने. १९५१ च्या पोलीस कायद्यात, ज्याला आता महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणतात, १२२ वे कलम आहे. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात तोंड झाकून किंवा वेष पालटून कोणी गुन्ह्याच्या इराद्याने सापडला, तर तो शिक्षेस पात्र. यात 'गुन्ह्याच्या इराद्याने' हे शब्द जीव की प्राण आहेत. पण रात्री दीड वाजता नाक्यावर उभ्या असलेल्या हवालदाराला आधी वेष दिसतो, इरादा सकाळी साहेब आल्यावर पाहू म्हणतो. हेच कलम शब्दशः लावायचे, तर आख्खा दशावतारी मेळा सूर्यास्त ते सूर्योदय वेष पालटलेलाच असतो की!

आणि एक गंमत, तिला गंमत म्हणवत नाही. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली दंडक घालून दिला, की अटक झालेल्या माणसाच्या नातेवाइकाला किंवा मित्राला कळवले गेले पाहिजे. हा आरोपीचा हक्क, त्याच्या रक्षणासाठी दिलेला. पण या माणसाला कोठडीपेक्षा मारापेक्षा ज्याची धास्ती असते, ती गोष्ट म्हणजे घरी जाणारा तो फोन. एखाद्या खाकीवाल्याला हे कळले, की दुसरा दंडुका लागत नाही. 'घरी कळवू का?' एवढ्या तीन शब्दांत खिसा रिकामा होतो. म्हणून सांगतो, नियमात 'मित्र' हा शब्दही आहे. कळवायचे ते विश्वासाच्या मित्राला कळवा, असे सांगता येते. अर्थात, त्यासाठी तसा एक तरी मित्र असावा लागतो.

पोलिसाला निदान कायद्याचे बंधन आहे. अनोळखी माणसाला ते नाही. २०१८ साली मुले पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवा पसरल्या, तेव्हा मे महिन्यात हैदराबादेत जमावाने एका तृतीयपंथीयाचा जीव घेतला. १ जुलैला आपल्याच धुळे जिल्ह्यात, राईनपाड्यात, भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना लोकांनी ठेचून मारले. वेगळा दिसतो तो वाईट हेतूने आला असणार, हे गणित किती लवकर सुटते! आता प्रत्येकाच्या हातात कॅमेरा आहे. चिवला वेळेवर मी फक्त मान खाली घातली होती. आज तिथे माझ्या जागी कोणी विशीतला मुलगा असता, तर सकाळी बँक उघडण्यापूर्वी ते चित्र गावभर पोचले असते.

मी दुसरे काय करू शकलो असतो, हा प्रश्न मला छत्तीस-सदतीस वर्षांनंतरही सुटत नाही. बहुधा दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी, 'काल हवा छान सुटली होती वेळेवर,' एवढेच म्हणायला हवे होते. त्यांना कळले असते.

मागच्या हंगामात एका जत्रेत दहीकाल्यानंतर चहाच्या टपरीवर बसलो होतो. शेजारी स्त्रीपार्टी केलेला तरुण नट, तोंडावरचा रंग अर्धा पुसलेला, अंगात पँट-शर्ट. मी विचारले, "बाबा, कधी साडीतच घराक गेलंस काय?"

"एकदाच," तो म्हणाला. "घाय होती, म्हणान मोटारसायकलीर तसोच बसलंय. नाक्यार पोलिसान अडवल्यान. मिया म्हटलंय, दशावतारी आसंय. कंपनीचा नाव इचारल्यान नि सोडल्यान. वर म्हणालो, काम बरा करतंस हां."

"आणि दशावतारी नसतंस तर?"

त्याने बशीत चहा ओतला, फुंकला, आणि पेटारा टेम्पोत चढवायला हाक आली तसा तो उठून गेला.