उलटा कां करावयाचा?

बैजिक अपूर्णांकांचा भागाकार कसा करावा, असें विचारतांच सर्व बाकांवरून एकच उत्तर येतें: "दुसरा उलटा करून गुणावें." तो कां उलटा करावयाचा, असें पुढें विचारलें कीं वर्ग शांत होतो. या शांततेचा दोष मी प्रथम आम्हां शिक्षकांकडे घेतों. एका वर्षीं एका मुलीनें विचारलें, "सर, भागल्यावर उत्तर मोठें कसें येतें?" आणि मीं घाईंत "नियम पाठ कर" म्हणून तिला खालीं बसविलें. ज्या नेवाशांत शके १२१२ मध्यें ज्ञानेश्वरांनीं दृष्टांतामागून दृष्टांत देऊन गीतेचा अर्थ मराठींत उलगडला, तेथें हें घडावें!

वस्तुतः उत्तर येथल्या बाजारांतच होतें. तीन किलो साखरेच्या पाव किलोच्या पुड्या बांधल्या तर बारा होतात. पावानें भागणें म्हणजे चारांनीं गुणणें. अक्षरांसही हाच न्याय. ज्या राशीनें गुणलें असतां भाजक १ होतो, तिनेंच भाज्यासही गुणावें. भागाकार बदलत नाहीं. ती राशि म्हणजेच उलटलेला भाजक. भास्कराचार्यांनीं 'लीलावती'त (इ. स. ११५०) अंश व छेद यांची अदलाबदल करून गुणण्याची हीच रीत दिली आहे.

खरा घात संक्षेपांत होतो. अंश क्ष + ६ व छेद क्ष + २ असतां दोन्हीं क्ष खोडून कित्येक विद्यार्थी बिनदिक्कत ३ लिहितात. क्षच्या जागीं २ घालून पाहा: ८ भागिले ४, म्हणजे २. क्ष हें येथें बेरजेंतील पद आहे, गुणाकारांतील अवयव नव्हे. आणि खोडावयाचा तो अवयवच. अंश क्ष² − ४ असता तर त्याचे (क्ष + २)(क्ष − २) असे अवयव पडून उत्तर क्ष − २ आलें असतें. मात्र क्ष = −२ वर्ज्य, कारण छेद शून्य होतो. अशा शून्यछेद राशीस भास्कराचार्य 'खहर' म्हणत व अनंत मानीत. आज आपण तो भागाकारच निषिद्ध समजतों.

पालकांनीं मुलांच्या वेगाचें कौतुक जरा आवरावें, असें माझें स्पष्ट मत आहे. दहांतील एक उदाहरण घेऊन अक्षराच्या जागीं लहानसा अंक घालावयास सांगावें व प्रश्नाची आणि उत्तराची किंमत जुळते कीं नाहीं, तें पाहावें. त्यासाठीं आपणांस बीजगणित येण्याची जरुरी नाहीं.

त्या मुलीस मीं मागाहून साखरेचा हिशेब समजावून दिला. तिनें मान डोलाविली. परंतु त्यानंतर वर्गांत तिनें दुसरा प्रश्न विचारल्याचें मला आठवत नाहीं.